आधी तारीख, मग तास, मग चॅनल

नागपुरातल्या मानेवाड्याहून आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: "आम्ही सोसायटीच्या गच्चीवर प्रोजेक्टर लावून मोठ्या फुटबॉल मॅच बघतो. एका मॅचला अर्धी मंडळी चक्क एक दिवस उशिरा आली. ऑक्टोबरच्या शेवटी मोबाइल एक वेळ सांगत होता आणि टीव्ही दुसरीच. भारतातली खात्रीची वेळ आणि चॅनल शोधायची पक्की पद्धत आहे का?"

पद्धत आहे. नागपूर-कामठीच्या फुटबॉलवेड्या मंडळींसाठी मी बरीच वर्षं दर महिन्याचा तक्ता बनवतो आहे, त्यामुळे चुका कुठे होतात ते ठाऊक आहे. या प्रश्नात तीन वेगळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत, तारीख, तास आणि चॅनल. बहुतेक लोक तासापासून सुरुवात करतात. मी तारखेपासून करायला सांगेन, कारण तास चुकला तर निदान दुसरा हाफ हाती लागतो, तारीख चुकली तर काहीच लागत नाही.

आपल्याकडे वार सूर्योदयाला बदलतो. पंचांग तसं मानतं आणि आपली बोलण्याची सवयही तीच आहे. शनिवारी जेवण करून गच्चीवर बसलो आणि साडेबाराला मॅच सुरू झाली, तर आपण तिला "शनिवार रात्रीची मॅच"च म्हणतो. मोबाइलसाठी मात्र बारा वाजताच रविवार लागलेला असतो. आता युरोपातल्या रात्रीच्या बहुतेक मोठ्या मॅच आपल्याकडे नेमक्या साडेबारा किंवा दीडला सुरू होतात, म्हणजे तारीख बदलल्यावर लगेच. तिथे ती शनिवारचीच मॅच असते, ॲपमध्ये रविवार दिसतो, ग्रुपवर कोणीतरी "रविवारी रात्री साडेबारा" असं लिहितो आणि अर्धे लोक रविवारी जेवून निघतात. तोवर मॅच होऊन वीस-बावीस तास झालेले असतात. तुमच्या गच्चीवर बहुधा हेच झालं.

उपाय सोपा आहे, पण शिस्तीने पाळावा लागतो. वेळ कधीही एकटी लिहू नका आणि तारीखही एकटी लिहू नका. २०२६च्या विश्वचषकाचा अंतिम सामना न्यू जर्सीत रविवारी, १९ जुलैला, तिथल्या दुपारी ३ वाजता ठरलेला. आमच्या तक्त्यात तो असा लिहिला जातो: "रविवार १९ची रात्र उलटून सोमवार २० जुलै, ००:३०." दोन्ही वार, एक तारीख, चोवीस तासांचं घड्याळ. सलामीचा सामना मेक्सिको सिटीत ११ जूनच्या दुपारी १ वाजता, म्हणजे आपल्याकडे "गुरुवार ११ची रात्र उलटून शुक्रवार १२ जून, ००:३०." ००:३० लिहिल्याने आणखी एक घोळ मिटतो. "१२:३०" एवढंच लिहिलं की दुपार की रात्र, ही विचारपूस सुरू होते आणि "मॅच किती वाजता आहे जी?" असे फोन संध्याकाळभर येत राहतात.

अलार्मही तारखेसकट लावा. "उद्या साडेबारा" असा अलार्म रात्री अकराला लावला काय आणि बारा वाजून पाच मिनिटांनी लावला काय, त्याचा अर्थ पूर्ण बदलतो.

आता तासांकडे येऊ. भारताची वेळ यूटीसीच्या, म्हणजे जगाच्या प्रमाण वेळेच्या, साडेपाच तास पुढे, वर्षभर तीच. आपण घड्याळ कधी हलवत नाही. हलतात ते समोरचे, म्हणून "इंग्लंड आपल्यापेक्षा साडेचार तास मागे" असं पाठ केलेलं वाक्य अर्ध्या वर्षातच निकामी होतं. ब्रिटन आणि जवळपास सगळा युरोप मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास पुढे करतो आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे घेतो. उन्हाळ्यात इंग्लंडशी आपला फरक साडेचार तासांचा असतो, हिवाळ्यात साडेपाचचा. स्पेन, जर्मनी, इटली, फ्रान्स यांच्याशी उन्हाळ्यात साडेतीन, हिवाळ्यात साडेचार.

स्टेडियमवरची मॅच मात्र तिथल्या घड्याळाला धरून असते. त्यामुळे ऑक्टोबर संपता संपता आपल्याकडची प्रत्येक युरोपीय मॅच एक तास उशिरा सरकते. इंग्लंडच्या प्रीमियर लीगची शनिवारची दुपारी साडेबाराची मॅच सप्टेंबरमध्ये आपल्याकडे संध्याकाळी ५ला, डिसेंबरमध्ये ६ला. तीनची मॅच साडेसातला, मग साडेआठला. सोमवारी रात्री आठची मॅच आपल्याकडे मंगळवार उजाडवते, आधी ००:३० आणि नंतर ०१:३०. युरोपातल्या क्लबांच्या चॅम्पियन्स लीगच्या नेहमीच्या दोन वेळा, मध्य युरोपातल्या संध्याकाळचे पावणेसात आणि रात्रीचे नऊ, आपल्याकडे सवा दहा आणि साडेबारा असतात. हिवाळ्यात त्या सव्वा अकरा आणि दीड होतात. एप्रिलच्या उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पुन्हा साडेबारा आलेले असतात. अंतिम सामन्याची वेळ मात्र यूईएफएने, म्हणजे युरोपीय फुटबॉल महासंघाने, २०२६पासून संध्याकाळी ६ केली. बुडापेस्टच्या ३० मेच्या फायनलची वेळ त्यामुळे आपल्याकडे रात्री साडेनऊ ठरली. नागपूरच्या मे महिन्यात साडेनऊला गच्ची जरा बसण्याजोगी होते, म्हणून या बदलाचा मला मनापासून आनंद आहे. शाळकरी पोरंही फायनल बघू शकतात.

तुम्हाला ऑक्टोबरच्या शेवटी जो फरक दिसला, त्याचं मूळ बहुधा इथे आहे. युरोपातली घड्याळं बदलतात तो क्षण यूटीसीचे पहाटेचे १, म्हणजे आपल्या रविवार सकाळचे साडेसहा. त्या आठवड्यात स्पेनमधली शनिवारी रात्री नऊची मॅच आपल्याकडे ००:३०ला सुरू होते आणि लगेच दुसऱ्या दिवशीची, तिथल्या घड्याळात अगदी त्याच नऊची मॅच आपल्याकडे ०१:३०ला. सलग दोन रात्री, तासाचा फरक. कोणी आधीच्या आठवड्याची वेळ पुढे ढकलली असेल, कोणी नवी तपासली असेल, तर दोन्ही आकडे ग्रुपवर फिरणारच.

अमेरिकेत गुंता वाढतो. तिथे मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं. म्हणजे मार्चमध्ये दोन-तीन आठवडे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सांध्यावर एक आठवडा अमेरिका आणि युरोप यांच्यातला फरकही नेहमीचा नसतो. मिहानमध्ये, म्हणजे नागपूरच्या विमानतळाजवळच्या उद्योग वसाहतीत, अमेरिकी क्लायंटसोबत शिफ्ट करणाऱ्या मुलांना हे तोंडपाठ असतं. ग्रुपमध्ये असा एखादा असेल तर त्याला जरूर विचारा. शिवाय तिथे एकाच देशात अनेक वेळा. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागे, डॅलस आणि कॅन्सस सिटी साडेदहा, लॉस एंजेलिस साडेबारा. मेक्सिकोने तर २०२२मध्ये बहुतेक भागात घड्याळ हलवणंच बंद केलं, त्यामुळे मेक्सिको सिटी उन्हाळ्यातही साडेअकरा तास मागेच राहते. जुन्या तक्त्यांवर विसंबलेले लोक इथे हमखास एक तास चुकतात.

यात भर म्हणजे अमेरिकी माध्यमं सामना कुठेही असो, वेळ बहुतेकदा पूर्व किनाऱ्याची देतात. विश्वचषकातला अमेरिका-पॅराग्वे सामना १२ जूनला लॉस एंजेलिसजवळ, तिथल्या संध्याकाळी ६ला ठेवला गेला. अमेरिकी बातमीत तो "रात्री ९" असा दिसतो. आपल्याकडे दोन्हींचा अर्थ एकच, शनिवार १३ जून, सकाळी साडेसहा. पण ९ हा आकडा लॉस एंजेलिसचा समजून साडेबारा तास मिळवले तर उत्तर साडेनऊ येतं आणि तर्री पोहे खाऊन निवांत टीव्ही लावेपर्यंत मॅच संपलेली असते. सकाळच्या सामन्यांबद्दल गच्चीवाल्यांना आणखी एक सूचना: जूनमध्ये नागपुरात साडेपाचच्या सुमारास उजाडतं. साडेसहाला गच्चीवरच्या पडद्यावर काहीही दिसणार नाही. असे सामने खाली हॉलमध्ये, पडदे ओढून बघा.

संक्षेपांवर तर मुळीच विश्वास ठेवू नका. इंग्लंडमधली कितीतरी संकेतस्थळं ऑगस्टमध्येही "जीएमटी" (इंग्लंडची हिवाळी वेळ) लिहितात, पण तेव्हा तिथे उन्हाळी वेळ चालू असते आणि त्यांना म्हणायची असते स्थानिक वेळ. यूईएफए वर्षभर "सीईटी" लिहिते, अगदी मे महिन्यातही; तिथे अर्थ "मध्य युरोपात त्या दिवशी जी वेळ असेल ती" असा घ्यायचा. "सीएसटी" शिकागोची असू शकते, चीनचीही. आणि आपली "आयएसटी"? आयर्लंड आणि इस्रायलही आपापल्या वेळेला तीच अक्षरं वापरतात. म्हणून माझा नियम असा की अक्षरं सोडायची आणि स्टेडियमचं शहर धरायचं.

शहर का धरायचं, याचं सगळ्यात चांगलं उदाहरण ऑस्ट्रेलिया. २०२६च्या महिला आशियाई चषकाला आपल्या मुली पात्रता फेरी जिंकून गेल्या, म्हणून हे उदाहरण मला विशेष जवळचं. स्पर्धा मार्चमध्ये, तीन शहरांत: पर्थ, गोल्ड कोस्ट, सिडनी. मार्चमध्ये पर्थ आपल्या अडीच तास पुढे, गोल्ड कोस्ट साडेचार आणि सिडनी साडेपाच. गोल्ड कोस्ट आणि सिडनी दोन्ही पूर्व किनाऱ्यावर, पण क्वीन्सलँड राज्य घड्याळ हलवत नाही आणि न्यू साउथ वेल्स हलवतं. "ऑस्ट्रेलियाची वेळ" अशी काही गोष्टच नाही. संध्याकाळी ७ची मॅच आपल्याकडे साडेचारला, अडीचला की दीडला, हे फक्त शहरावर ठरतं.

उलट बाजूने बघा. कझाकस्तानचा क्लब कैरात अल्माटी ३० सप्टेंबर २०२५ला घरच्या मैदानावर रेयाल माद्रिदशी खेळला, तेव्हा स्टेडियमच्या घड्याळात रात्रीचे पावणेदहा होते, कारण यूईएफएने सामना स्वतःच्या, मध्य युरोपातल्या पावणेसातच्या वेळेत बसवला होता. आपल्याकडे सवा दहा. म्हणजे वेळ कोणी जाहीर केली आणि कोणत्या शहराची जाहीर केली, या दोन्ही गोष्टी एकदा डोळ्यांखालून घालाव्या लागतात.

आता प्रत्यक्ष तपासणी. पहिला आधार आयोजकाचा: फिफा, यूईएफए, एएफसी (आशियाई फुटबॉल महासंघ) किंवा त्या लीगचं स्वतःचं वेळापत्रक. तिथे वेळ स्थानिक दाखवली आहे की "तुमची", हे आधी बघा. हल्ली बरीच पानं फोनच्या सेटिंगप्रमाणे वेळ आपोआप बदलून देतात. कोणी ती आधीच भारतीय झालेली वेळ स्थानिक समजून त्यात पुन्हा साडेतीन तास मिळवतो. ऑफिसचा लॅपटॉप अमेरिकी वेळेवर ठेवलेला असेल तर त्यावर दिसणारी "तुमची वेळ" न्यूयॉर्कची असते, हेही लक्षात असू द्या.

मग फोनचं कॅलेंडर उघडा. नवीन नोंद करताना वेळेसोबत टाइम झोन निवडायची सोय असते, ती फार कमी लोक वापरतात. तिथे माद्रिद निवडा, माद्रिदचीच तारीख आणि माद्रिदचेच रात्रीचे ९ टाका आणि नोंद जतन करा. नागपूरची तारीख आणि वेळ फोन स्वतः काढेल. मुख्य म्हणजे सामन्याच्या दिवशी जो फरक असेल तो धरून काढेल. घड्याळाच्या ॲपमधली जगभरची शहरं हे करत नाहीत. ती आत्ताचा फरक दाखवतात. ऑक्टोबरच्या मध्यावर माद्रिद साडेतीन तास मागे दिसलं म्हणून ५ नोव्हेंबरच्या मॅचलाही तेवढेच तास मिळवले की तासाची चूक पक्की. शिक्षित, हुशार माणसं इथेच फसतात, कारण घड्याळ खरंच बोलत असतं, फक्त आजच्यापुरतं.

फोन फार जुना असेल, अपडेट येणं थांबलं असेल, तर त्याची जगातल्या घड्याळबदलांची माहितीही शिळी होते. मेक्सिकोचं सांगितलंच. पॅराग्वेनेही २०२४पासून वर्षभर एकच वेळ ठेवली आहे. दक्षिण अमेरिकेतल्या पात्रता सामन्यांसाठी जुन्या फोनवर विसंबू नका.

एवढं करूनही लीगच्या सामन्याची वेळ पक्की मानायची नाही. हंगामाच्या सुरुवातीला छापलेल्या तक्त्यातले शनिवार दुपारी तीनचे कितीतरी सामने नंतर टीव्हीसाठी शुक्रवार, रविवार किंवा सोमवारी हलवले जातात. चषकाची फेरी मध्ये आली तर पुन्हा हलतात. मी दोनदा बघतो, आठवडाभर आधी आणि आदल्या संध्याकाळी.

चॅनलचा प्रश्न वेगळा. प्रक्षेपणाचे हक्क देशानुसार, स्पर्धेनुसार आणि ठरावीक वर्षांसाठी विकले जातात, म्हणून "फुटबॉल अमुक चॅनलवर लागतं" हे वाक्य टिकत नाही. २०१८चा विश्वचषक भारतात सोनीवर होता, २०२२चा स्पोर्ट्स१८ आणि जिओसिनेमावर. २०२५-२६च्या हंगामात प्रीमियर लीग स्टार स्पोर्ट्स आणि जिओहॉटस्टारकडे होती, चॅम्पियन्स लीग सोनीकडे. आयोजकाच्या संकेतस्थळावर देशवार प्रक्षेपकांची यादी असते, तिथे भारत शोधा आणि मग त्या चॅनलचं त्या दिवसाचं वेळापत्रक बघा. इंग्लंडमधल्या टीव्ही याद्यांचा उपयोग नाही. तिथे शनिवारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळेत फुटबॉल थेट दाखवायला बंदी असते, म्हणून तीनच्या मॅचपुढे "प्रक्षेपण नाही" असं दिसतं. ती बंदी फक्त तिथली. आपल्याकडे त्याच मॅच दाखवता येतात.

टीव्हीच्या सूचीतली वेळ ही कार्यक्रमाची असते, किकऑफची, म्हणजे प्रत्यक्ष खेळ सुरू होण्याची, नसते. साडेबाराच्या मॅचचा स्टुडिओतला कार्यक्रम बाराला सुरू झाला तर सूचीत १२ दिसतं. मोबाइल आणि टीव्ही यांच्यात अर्ध्या तासाचा फरक असेल तर कारण हे. पूर्ण तासाचा असेल तर घड्याळबदल तपासा. सूचीत "लाइव्ह" लिहिलं आहे का तेही बघा, नाहीतर सकाळी नऊचं पुनःप्रक्षेपण थेट समजून लोकांना बोलावलं जातं.

चॅम्पियन्स लीगच्या रात्री एकाच वेळी अनेक सामने असतात आणि टीव्हीवर त्यातले मोजकेच येतात, बाकीचे ॲपवर. क्रिकेट चालू असेल तर फुटबॉल ऐनवेळी शेजारच्या चॅनलवर जातं. त्यामुळे आदल्या संध्याकाळच्या तपासणीत चॅनलचं नाव आणि क्रमांक दोन्ही बघा, आणि ते चॅनल तुमच्या पॅकमध्ये आहे ना हेही तेव्हाच. रात्री सव्वाबाराला केबलवाला फोन उचलत नाही. घरच्या ॲपचं सदस्यत्व घरापुरतं असतं; सोसायटीबाहेरच्यांनाही बोलावून मोठ्या पडद्यावर दाखवायचं असेल तर हक्कधारकाची परवानगी वेगळी लागते.

दूरदर्शनबद्दल बरेच जण विचारतात. २००७च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाचे म्हणून अधिसूचित सामन्यांचं प्रक्षेपण हक्कधारकाला प्रसार भारतीला द्यावं लागतं. पण सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७च्या निकालानुसार ते दूरदर्शनचं अँटेनावरचं प्रक्षेपण आणि डीडी फ्री डिश यांच्यापुरतंच असतं. म्हणून फ्री डिशवर दिसणारी मॅच खासगी केबलवरच्या डीडी स्पोर्ट्सवर दिसत नाही. सेट-टॉप बॉक्स बिघडलेला नसतो.

शेवटचं, मॅच किती वेळ चालेल. साधा सामना मध्यंतर आणि वाढीव मिनिटं धरून दोन तास. बाद फेरीत जादा वेळ आणि पेनल्टी धरली तर पावणेतीन तास, म्हणजे ००:३०ची फायनल सव्वातीनपर्यंत जाऊ शकते. अमेरिकेत उन्हाळ्यात विजा चमकल्या की खेळ थांबवतात आणि शेवटच्या विजेनंतर अर्धा तास जाईपर्यंत सुरू करत नाहीत; २०२५च्या क्लब विश्वचषकात चेल्सी-बेनफिका सामना असाच जवळपास दोन तास अडकला होता. २०२४च्या कोपा अमेरिका या दक्षिण अमेरिकी स्पर्धेची मायामीतली फायनल आपल्याकडे सकाळी साडेपाचला होती, पण प्रवेशद्वारांवरच्या गोंधळामुळे ती तासाहून अधिक उशिरा सुरू झाली. त्यामुळे रेकॉर्डिंग लावणार असाल तर कार्यक्रमाच्या सूचीतल्या शेवटापुढे किमान दीड तास वाढवून ठेवा, आणि त्याच चॅनलवरचा पुढचा कार्यक्रमही रेकॉर्डला टाका.